दोनशे मीटर सोडल्यावर : ठाण्यातल्या एका जलतरणपटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही खेळाडू पाचपाखाडीत वाढली. तलावावरची मुलं आज तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरतो. ओळख पटू नये म्हणून स्पर्धांची ठिकाणं आणि तिच्या नेमक्या वेळा दिलेल्या नाहीत. सेकंदांचे फरकही पूर्णांकात घेतले आहेत. २०१० साली तिच्या सरांनी मला दुसरं मत द्यायला बोलावलं, तेव्हापासून हे सगळं मी जवळून पाहिलं. त्याआधीचं तिच्या आईकडून आणि सरांच्या वहीतून कळलं.

२००२ च्या मे महिन्यात, नवव्या वर्षी ती उन्हाळी शिबिरात आली. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, आई घरी शिकवण्या घेणारी. सुट्टीत मुलगी कुठेतरी गुंतावी एवढाच हेतू. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, शिबिरातली बहुतेक मुलं गळाली, ही राहिली. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या बॅचला आली आणि बाराव्या वर्षी २०० मीटर बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहण्याच्या प्रकारात, राज्यात पहिली.

हा प्रकार निवडण्यामागे तिच्या कमरेची लय होतीच, पण एक व्यवहारही होता. २०० बटरफ्लायला मुली कमी उतरतात. फ्रीस्टाइलला चार-चार हीट (प्राथमिक फेऱ्या) होतात, तिथे इकडे कधीकधी आठ लेनही भरत नाहीत. चिवट मुलगी त्या शर्यतीत घातली की पदक जवळ येतं, हे प्रत्येक कोचला माहीत असतं. सरांनीही तेच केलं, आणि लहान वयात त्याचं फळ भरभरून मिळालं.

दिनक्रम ठाण्यातल्या कुठल्याही पोहणाऱ्या घरात असतो तसाच. साडेचारला उठायचं, सव्वापाचला पाण्यात, सव्वासातला बाहेर, ओल्या केसांनी शाळा, संध्याकाळी पुन्हा तलाव. सरावाचा तलाव २५ मीटरचा. रविवारी पहाटेची लोकल पकडून दादरला, शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात ५० मीटरवर पोहायचं. पंधराव्या वर्षी आठवड्याचं अंतर ४० किलोमीटरवर गेलं. पन्नास मीटरला एका हाताचे साधारण २० स्ट्रोक धरले, तर आठवड्याला एकेका खांद्याचे १६ हजार फेरे होतात.

मग २००९ साल आलं. पोहण्याच्या जगात तेव्हा पॉलियुरेथेनच्या सूटचा धुमाकूळ होता. २००८ मध्ये एलझेडआर रेसर नावाचा सूट आला, वर्षभरात त्याच्याही पुढचे, संपूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आले आणि २००९ च्या रोममधल्या विश्व स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम मोडले. ताईला असा एक सूट मुंबईतल्या एका मोठ्या मुलीकडून स्पर्धेपुरता मिळाला. तो चढवायलाच अर्धा तास लागला. पाय सरकावा म्हणून आधी पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालायची, सूट घोट्यावरून वर ओढायचा, पिशवी काढायची, मग दुसरा पाय. नख लागून फाटायला नको म्हणून आईने आदल्या रात्रीच स्वतःची नखं कापली होती. मांडीपाशी तो अडला तेव्हा दोन मैत्रिणींनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून इंच इंच वर घेतला. ताई सांगते, पाण्यात उडी मारली आणि कुणीतरी खालून उचलून धरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ग्रुप १ मध्ये, म्हणजे १५ ते १७ वयोगटात, तिला राष्ट्रीय पदक मिळालं. आदल्या वर्षीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा चार सेकंद कमी.

समस्या

१ जानेवारी २०१० पासून हे सूट बंद झाले. कापडाचाच सूट, मुलींसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. नियम सगळ्यांना एकच होता, पण घराघरांत त्याचा अर्थ वेगवेगळा लागला.

त्या वर्षाच्या स्पर्धेत ताईची वेळ २००९ पेक्षा पाच सेकंदांनी जास्त आली. अकरावी सायन्स सुरू झालेली, सीईटीच्या क्लासची फी भरलेली. उजवा खांदा रात्री दुखायचा. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. वर्षभरात उंची वाढली होती, अंग भरलं होतं. तलावाच्या कट्ट्यावरून कुणीतरी सहज म्हणालं, ‘वजन वाढलंय हो हिचं.’ त्यानंतर तिने रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं. चार महिने पाळी आली नव्हती. ते फक्त आईला माहीत होतं आणि आईने ते परीक्षेच्या ताणावर टाकलं होतं.

सरांचं निदान सरळ होतं : मेहनत कमी पडतेय, आणखी पाणी द्यावं लागेल, म्हणजे सरावाचं अंतर वाढवावं लागेल. वडिलांचा प्रश्न त्याहून सरळ होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, ‘सर, स्पष्ट सांगा. बारावी तोंडावर आहे. हिचं आता पुढे होणार आहे का काही?’

हा प्रश्न आपल्याकडे मुलींच्या बाबतीत साधारण याच वयात पडतो आणि उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं. सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत मेडल, प्रमाणपत्रांची फाइल, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, आणि मग पोहणं बंद.

घड्याळ काय सांगत होतं

मी आधी सरांची वही मागितली. जाड पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली. प्रत्येक ओळीत तारीख, प्रकार, वेळ. तलाव किती मीटरचा हे नाही, सूट कोणता हे नाही, शर्यत की सराव तेही नाही. २५ मीटरच्या तलावात २०० मीटरला सात टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात तीन. प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का मिळतो, त्यामुळे छोट्या तलावातली वेळ कमीच येते. वहीत या दोन्ही वेळा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या. त्या वाचून मुलगी कधी हुशार वाटायची, कधी संपलेली.

५० मीटरच्या वेळा वेगळ्या काढल्या तेव्हा चित्र बदललं. २००८ मध्ये कापडी सूटमध्ये आलेल्या वेळेपेक्षा २०१० ची वेळ फक्त एक सेकंद मागे होती. पाचातले चार सेकंद २००९ च्या त्या एका दिवसाचे होते. मोठ्या जगातही तेच चाललं होतं. जानेवारी २०१० नंतर ५० मीटरच्या तलावातला पहिला विश्वविक्रम मोडायला जुलै २०११ उजाडला. शांघायमध्ये रायन लोख्तेने २०० मीटर मेडलीत (चारही प्रकारांच्या शर्यतीत) तो मोडला. ताईच्याच प्रकारात, महिलांच्या २०० बटरफ्लायमध्ये, लिऊ झिगेने २००९ साली केलेला २:०१.८१ चा विक्रम २०२५ च्या सिंगापूरच्या विश्व स्पर्धेतही टिकला. समर मॅकिंटॉशला तो ०.१८ सेकंदांनी हुकला. सोळा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम मुलीला जे जमलं नाही, ते पाचपाखाडीतल्या सोळा वर्षांच्या मुलीला एका वर्षात जमलं नाही म्हणून घरात सुतक होतं.

तरीही एक सेकंद खरा होता आणि खांदाही खरा दुखत होता. म्हणून दादरला दोन रविवार लागोपाठ चाचणी घेतली. पहिल्या रविवारी कापडी सूटमध्ये २०० मीटर, दर पन्नासची वेगळी वेळ, म्हणजे स्प्लिट, घेऊन. दुसऱ्या रविवारी ताज्या अंगाने नुसतं ५० मीटर. पन्नासला तिने कापडी सूटमधली आपली आजवरची सर्वोत्तम वेळ दिली. दोनशेतही पहिले शंभर मीटर ठीक गेले, तिसऱ्या पन्नासला गाडी घसरली, आणि चौथ्याला उजवा हात पाण्याच्या वरून येईनाच. पाणी खरवडत येत होता. वेग शाबूत होता. मुलगी शेवटच्या सत्तर-ऐंशी मीटरमध्ये संपत होती.

का संपत होती, याचं निम्मं उत्तर फिजिओकडे मिळालं. उजवं खांद्याचं पातं नीट फिरत नव्हतं आणि प्रत्येक स्ट्रोकला खांद्याच्या सांध्यातला स्नायूबंध चिमटत होता. उरलेलं निम्मं उत्तर आईने तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेल्यावर मिळालं. बाईंनी तपासण्या करून सांगितलं की शरीर जेवढं खर्च करतंय तेवढं खात नाहीये, म्हणून ते एकेक काम बंद करत चाललंय. पाळी हे त्यातलं पहिलं. अशा अवस्थेत हाडं कमकुवत होतात, दुखापत भरून येत नाही, सराव अंगी लागत नाही. पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीवर सविस्तर निवेदन काढलं. २०१० मध्ये मात्र आपल्याकडच्या अनेक तलावांवर पाळी थांबणं म्हणजे जोरदार सराव चालल्याची खूण समजत. तसं बोलून दाखवणारे लोक मी पाहिले आहेत.

कोणते पर्याय होते

घरी बैठक बसली तेव्हा पाच वाटा पुढे होत्या.

पोहणं थांबवून बारावी करायची. वडिलांचा कल तिकडे होता आणि त्यात वावगं काही नव्हतं.

सरांच्या म्हणण्याप्रमाणे अंतर आणखी वाढवायचं. डॉक्टरांचा अहवाल आल्यावर या वाटेला अर्थ उरला नव्हता, पण सरांना ते पटायला वेळ लागला.

बंगळूरला पाठवायचं. भारतीय जलतरणात जे काही मोठं घडतं त्यातलं बरंचसं तिथे घडतं. पण राहणं, खाणं, कोचिंग आणि बारावी एवढं सगळं एका पगारात बसत नव्हतं. शिवाय न जेवणारी सोळा वर्षांची मुलगी हॉस्टेलला ठेवायला आई तयार नव्हती. आईचं बरोबर होतं.

समुद्रात उतरवायचं. ही सूचना नातेवाइकांची. आपल्याकडे तलावात वेळ थांबली की मुलांना समुद्राकडे वळवायची पद्धत आहे. मालवणची स्पर्धा असते, धरमतर ते गेटवेसारख्या मोहिमा असतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, चौकात सत्कार होतो. समुद्रात पोहणारे थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण धरमतर ते गेटवे हे अंतर ३५ किलोमीटरच्या पुढचं. ज्या मुलीचा खांदा आठवड्याच्या १६ हजार फेऱ्यांनी सुजलाय, तिला एका दिवसात तेवढे फेरे करायला लावायचे, हा उपाय मला कळला नाही.

पाचवी वाट मी मांडली. दोनशे सोडायचं. पन्नास आणि शंभर मीटर बटरफ्लाय, जोडीला ५० फ्रीस्टाइल. सराव निम्म्यावर.

सरांना ते लागलं. चार वर्षं त्यांनी ते दोनशे घडवलं होतं. ‘पन्नास काय, कुणीही मारतं,’ असं ते म्हणाले. वडिलांनी आणखी अडचणीचा प्रश्न काढला : पन्नास बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये असतं का? नव्हतं. विश्व स्पर्धेत होतं, आशियाई स्पर्धेत होतं. ऑलिंपिकमध्ये ते येणार हे २०२५ मध्ये ठरलं आणि येणार २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये. म्हणजे या वाटेने गेलं तर तिच्या खेळाच्या हयातीत ऑलिंपिकचं दार जवळजवळ बंद. हे मी तिथेच सांगितलं.

पोहे खाऊन झाले, चहा झाला, तासभर आम्ही चौघे बोलत होतो. मग आईच म्हणाली, ‘अहो, तिला विचारा की.’ ताई दारापाशी उभी होती. म्हणाली, ‘दोनशेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. पन्नासच्या आदल्या रात्री लागते.’

काय केलं

सहा महिन्यांची मुदत ठरली. अटी तीन. तलावाच्या कट्ट्यावर कुणीही तिच्या वजनाबद्दल बोलणार नाही आणि वजनकाटा तिथून हलेल. पाळी पूर्ववत होईपर्यंत स्पर्धा नाही. आणि सहा महिन्यांत शंभरची वेळ सुधारली नाही, तर बारावीसाठी थांबायचं, त्यावर कुणी कुणाला बोल लावायचा नाही. शेवटची अट वडिलांनी घातली. तीच सगळ्यांत उपयोगी ठरली. तिच्यामुळे घरातली रोजची चर्चा थांबली.

आठवड्याचं अंतर ४० वरून २० ते २२ किलोमीटरवर आलं. वाचलेला वेळ जमिनीवर गेला : रबरबँडने खांद्याच्या पात्याचे व्यायाम, पुल-अप, उड्या. सुरुवातीचे दोन महिने पॅडल्स (तळहाताला बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) बंद. फिजिओने बटरफ्लाय पूर्ण बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्या काळात फक्त डाइव्ह आणि पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून कमरेतून मारायची) घोटून घेतली.

ही किक या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून थोडं थांबतो. नियमाप्रमाणे बटरफ्लायमध्ये उडीनंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. त्या खुणेपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावं लागतं. दोनशे मीटरमध्ये प्रत्येक टर्ननंतर एवढं पाण्याखाली राहणं सोळा वर्षांच्या मुलीच्या श्वासाला झेपत नाही. पन्नासमध्ये ते एकदाच करायचं असतं. म्हणजे शर्यतीचा तीस टक्के भाग खांदा एकदाही न फिरवता कापता येतो. दुखऱ्या खांद्याच्या आणि चांगल्या कमरेच्या मुलीसाठी याहून सोयीची शर्यत नाही. सुरुवातीला ती नवव्या मीटरला वर यायची. वर्षअखेर तेराव्याला येऊ लागली. लेनच्या दोरीवर आम्ही लाल चिकटपट्टी लावली होती. तिच्यापुढे डोकं निघालं की त्या दिवशीचा सेट एकाने कमी.

खाण्याचं आईने हातात घेतलं. सराव संपला की कपडे बदलायच्या आधी कट्ट्यावरच दोन उकडलेली अंडी आणि केळं, कॉलेजच्या डब्यात नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त, संध्याकाळच्या सरावाआधी थालीपीठ किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि रात्री भात खायचाच. पाचव्या महिन्यात पाळी नियमित झाली.

सहा महिन्यांनी निकाल मात्र गुळमुळीत आला. पन्नासची वेळ होती तिथेच, शंभरची एका सेकंदाने सुधारलेली. कराराच्या शब्दांप्रमाणे पुढे जायला हरकत नव्हती, पण सरांना तो पुरावा वाटत नव्हता, वडिलांनाही नाही. माझं मत एवढंच होतं की निम्म्या सरावात, बंद पडलेल्या खांद्यानंतर वेळ टिकली असेल तर ती प्रगती समजावी. बारावीचं वर्ष फक्त सकाळचा सराव ठेवून काढलं. बारावीला गुण बरे पडले. इंजिनिअरिंगचा नाद तिने स्वतःच सोडला आणि ठाण्यात बी.कॉम.ला प्रवेश घेतला.

पुढची काही वर्षं कारकिर्दीतली सर्वांत चांगली. वरिष्ठ गटात पहिलं वैयक्तिक राष्ट्रीय पदक एकविसाव्या वर्षी, पन्नास बटरफ्लायमध्ये. आयुष्यातली सर्वोत्तम वेळ चोविसाव्या वर्षी. ग्रुप १ मध्ये तिच्याबरोबर पदकांच्या मंचावर उभ्या राहणाऱ्या मुलींपैकी तोवर एकही पाण्यात उरली नव्हती. कमी अंतराच्या शर्यतीत माणूस उशिरापर्यंत टिकतो, हे मोठ्या पातळीवरही दिसतं. अँथनी एर्विनने ५० फ्रीस्टाइलचं ऑलिंपिक सुवर्ण २००० मध्ये जिंकलं आणि पुन्हा २०१६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. डारा टोरेसने बीजिंगमध्ये एकेचाळिसाव्या वर्षी तीन रौप्यपदकं मिळवली.

दुसरा निर्णय : नोकरी

पदवीनंतर खेळाडूंसाठीच्या कोट्यातून दोन शक्यता समोर आल्या. एक रेल्वेची. तिथे संघ आहे, सरावाला मोकळीक आहे, पण नेमणूक घरापासून लांब आणि कोच नवा. दुसरी राज्य शासनाची. खेळाडूंसाठीच्या ५ टक्के समांतर आरक्षणातून ठाण्यातच कार्यालय, घरून चालत जाता येईल एवढं. त्यासाठी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्रांची पडताळणी करून घेण्यातच बरेच महिने गेले. आईने २००५ पासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपलं होतं म्हणून निभावलं.

तिने ठाणं निवडलं. दिवसभर टेबल, संध्याकाळी साडेसातला तलाव. स्पर्धेच्या दिवसांसाठी विशेष रजा मिळायची, तयारीसाठी नाही. आणि पन्नास मीटरच्या खेळाडूला स्पर्धेआधीचे दहा-बारा दिवस सराव कमी करून अंग ताजं ठेवावं लागतं. त्या दिवसांत ही काउंटरवर उभी. दोन हंगाम असे गेल्यावर तिने आपली अर्जित रजा या कमी सरावाच्या दिवसांसाठी, म्हणजे टेपरसाठी, वापरायला सुरुवात केली. घरातल्या लग्नांना रजा उरेना, त्यावरून बोलणी खाल्ली.

त्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धाच थांबल्या. २०१५ च्या केरळनंतर थेट २०२२ मध्ये गुजरातला झाल्या. ताईच्या बाविसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षांतलं ते अंतर. कुठल्याही जलतरणपटूची ऐन उमेद.

या काळात ती कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण देई. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० बटरफ्लायमध्येच कांस्य मिळवलं, पुढे तहसीलदार झाला, नोकरी सांभाळून पाण्यात परतला आणि २०१८ च्या जकार्तात ५० फ्रीस्टाइलचं पदक ०.०१ सेकंदाने हुकलं. वडील म्हणायचे, बघ, हुकलं ना. ती म्हणायची, बघा, तिथवर गेला ना.

तलाव बंद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घराच्या खिडकीच्या जाळीला रबरबँड बांधून हातवारे, जिन्यात उड्या, बाकी काही नाही. नोव्हेंबरमध्ये राज्य-राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंसाठी तलाव उघडले तेव्हा खांदा दहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण बिनदुखीचा होता. मोह होता लगेच जोर लावण्याचा. पहिले सहा आठवडे फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून फक्त किक, असा नियम तिने स्वतःच घातला. तोवर तिला कोचची गरज सल्ल्यापुरतीच उरली होती.

फलित

वरिष्ठ गटात ती तिसाव्या वर्षापर्यंत पोहली. शेवटच्या स्पर्धेत फायनलला होती, पदक नव्हतं. मास्टर्स गटात पंचविशीपासून उतरता येतं, पण ‘निवृत्तांची स्पर्धा’ म्हणून ती टाळत आली होती. वरिष्ठ गट सोडल्यावर दोन महिन्यांत तिने मास्टर्सचा फॉर्म भरला. आज बत्तिसाव्या वर्षी आठवड्याला तीन दिवस पोहते, पन्नास बटरफ्लायमध्ये तिची वेळ एकविसाव्या वर्षीच्या वेळेच्या जवळपास आहे, आणि शनिवार-रविवारी लहान मुलांची बॅच घेते. उजवा खांदा पावसाळ्यात कुरकुरतो. ऑलिंपिक नाही, आशियाई स्पर्धा नाही. सरांना अजूनही वाटतं की दोनशे सोडलं नसतं तर ती भारतासाठी पोहली असती. मला तसं वाटत नाही. अठराव्या वर्षीच बाहेर पडली असती असं वाटतं. दोन्ही अंदाजच.

काय वेगळं करता आलं असतं

वही. वेळेपुढे तलावाची लांबी, सूट, शर्यत की सराव आणि दर पन्नासचे स्प्लिट एवढं लिहिलं असतं, तर २०१० मधली निम्मी घबराट झालीच नसती. हा खर्चाचा प्रश्न नव्हता, चार रकान्यांचा होता.

दोनशे मीटरची घाई. बारा वर्षांच्या मुलीला पदक मिळतं म्हणून सर्वांत जड शर्यतीत तिची ओळख बांधणं मला आजही खटकतं. सगळे प्रकार, सगळी अंतरं चौदापर्यंत पोहू द्यावीत. ताईचं मत वेगळं आहे. तिच्या म्हणण्यानुसार पन्नासला शेवटच्या दहा मीटरमध्ये जे टिकतं ते त्या दोनशेच्या वर्षांतूनच आलं.

नोकरी. मी असतो तर रेल्वे घेतली असती आणि पाच वर्षांनी परतीचा विचार केला असता. चोविशीतली सर्वोत्तम वेळ पुन्हा कधी आली नाही, आणि त्याचं कारण मला काउंटरवरच दिसतं. हे तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, वडिलांना पॅरालिसिस झाला त्या वर्षी मी कुठे असते? ते मला आधी माहीत नव्हतं अशातला भाग नाही, पण खेळाचा हिशेब करताना आपण तो रकाना गाळतो. ठाण्यातच राहायचं होतं तर निदान रुजू होतानाच टेपरच्या रजेचा अर्ज लेखी द्यायला हवा होता. तिसऱ्या वर्षी दिला तेव्हा साहेबांनी फारशी खळखळ न करता मंजूर केला.

डॉक्टर. चार महिने कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं कुणी हेच ठरलेलं नव्हतं. सर पुरुष, मी पुरुष, आई तलावाबाहेर बाकावर. आता आमच्या बॅचमध्ये तेरा वर्षांपुढच्या मुलींकडून दर तीन महिन्यांनी एक छोटा फॉर्म भरून घेतला जातो : झोप, जेवण, दुखणं, पाळी. तो ताई घेते, तिच्याकडेच राहतो, आणि सलग तीन महिने पाळी नसेल तर आईला बोलावून डॉक्टरकडे पाठवते. सुरुवातीला पालकांची कुजबुज झाली. एका वडिलांनी यावरून मुलीला दुसऱ्या तलावावर नेलं. बाकीच्यांनी फॉर्म भरून दिले.